तपासासाठी ई-मेल पोलिसांकडे गेले, तर वकिलाशी झालेला पत्रव्यवहार आधी कोण वाचणार?

जमाखर्च (१० जानेवारी २०२६)

नमस्कार. मी चाकण परिसरातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात लेखा विभाग सांभाळतो. वितरकाकडून अनामत म्हणून घेतलेली रक्कम बुडवली, अशी फसवणुकीची फिर्याद एका जुन्या वितरकाने आमच्या दोन संचालकांविरुद्ध दिली आहे. फिर्याद खरी की खोटी, हे न्यायालय ठरवील आणि त्याविषयी मी येथे काहीही लिहिणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

डिसेंबरात तपास पथक कार्यालयात आले. पंच होते, चित्रीकरण झाले, सगळ्यांशी सभ्यपणे बोलणे झाले. मात्र पथकाने चार जणांच्या मेलबॉक्सची सहा वर्षांची संपूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घेतली. त्या चार जणांत दोन्ही संचालक आहेत आणि मीही आहे. फिर्याद दाखल होण्याच्या आधीपासून संचालक आमच्या वकिलांना लिहीत होते. अटकपूर्व जामिनाच्या अर्जाचे तीन मसुदे त्या डिस्कवर आहेत. ‘या व्यवहारात आपली बाजू कुठे लंगडी पडते ते स्पष्ट सांगा’ असे विचारणारा मेल आहे आणि त्याला वकिलांनी दिलेले चार पानी उत्तरही आहे.

मी तेव्हाच अधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, “तपासाला लागेल तेवढेच पाहू.” त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण तपासाला कोणता मेल लागेल हे कळण्यासाठी आधी सगळे मेल वाचावे लागतात. ज्या माणसाने आमच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा, त्यानेच आमच्या वकिलाचा सल्ला वाचून तो बाजूला ठेवायचा, ही कसली व्यवस्था? डॉक्टरला खरे सांगितले नाही तर औषध चुकते आणि वकिलाला खरे सांगितले नाही तर बचाव चुकतो, असे आम्हाला शिकवले गेले आहे. या बाबतीत कायदा नेमके काय म्हणतो आणि आता आम्ही काय करू शकतो?

कोर्टाचीपायरी (१० जानेवारी)

मी नाशिकला फौजदारी वकिली करतो. आपल्या प्रकरणात वकील नेमलेले आहेत, म्हणून येथे सर्वसाधारण चौकट तेवढी सांगतो.

भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३२ नुसार अशिलाने वकिलाला त्याच्या कामासाठी सांगितलेली गोष्ट, दाखवलेल्या कागदाचा मजकूर आणि वकिलाने दिलेला सल्ला या तिन्ही गोष्टी अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाहीत. वकीलपत्र संपले तरी हे बंधन संपत नाही, आणि वकिलाचे कारकून व कर्मचारीही त्यात येतात. कलम १३४ अशिलाच्या बाजूने आहे. वकिलाशी झालेले गोपनीय बोलणे न्यायालयात सांगण्याची सक्ती अशिलावर होऊ शकत नाही, अपवाद फक्त तो स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहिला तर. ही तरतूद नवी नाही, १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात ती कलम १२६ ते १२९ मध्ये होती. हा अधिकार अशिलाचा आहे, वकिलाचा नाही, हे पुष्कळ जण विसरतात.

आता आपली अडचण पाहा. दोन्ही कलमे तोंड उघडण्याविषयी आहेत: वकिलाने सांगू नये, अशिलाला सांगायला लावू नये. येथे मात्र कोणी काही सांगितलेलेच नाही, कारण मजकूर आपोआप तिसऱ्याच्या हातात गेला आहे. ही कलमे लिहिली गेली तेव्हा गुपित माणसाच्या मनात किंवा वकिलाच्या कपाटात असे. आज त्याची एक प्रत सर्व्हरवर, दुसरी फोनमध्ये आणि तिसरी सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे असते.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी ज्या कलमाखाली कागदपत्रे मागवतो, त्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ९४ मध्ये आता इलेक्ट्रॉनिक संदेश व उपकरणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात काही गोष्टी वगळल्या आहेत. त्यांत राज्यकारभाराची गोपनीय कागदपत्रे आहेत, सरकारी अधिकाऱ्यांना विश्वासाने कळवलेल्या गोष्टी आहेत आणि बँकांची खातेपुस्तके आहेत. कलम १३२ त्या यादीत नाही. सरकारच्या गुपिताची आठवण ठेवली गेली आणि अशिलाच्या गुपिताची राहिली.

खाकी३४ (११ जानेवारी)

चौतीस वर्षे पोलीस खात्यात काढली, त्यांतली शेवटची सात आर्थिक गुन्ह्यांच्या तपासात. दुसरी बाजू मांडतो आणि ती मनापासून मांडतो.

फसवणुकीच्या गुन्ह्यात रक्ताचे डाग नसतात. असतात त्या नोंदी, पत्रे आणि मेल. पैसा कोणाच्या सांगण्यावरून कुठे वळवला, हे पाच हजार मेलमधल्या दोन ओळींत दडलेले असते. पूर्वी कपाटे भरून फायली आणाव्या लागत आणि त्यातही वकिलांची पत्रे निघत. आम्ही ती वाचली नाहीत असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही, हे ठाऊक असल्यामुळे ती दोषारोपपत्राला जोडली जात नसत.

एक अनुभव सांगतो. एका प्रकरणात मुख्य आरोपी प्रत्येक मेलची एक प्रत वकिलाला पाठवत असे. माल पाठवण्याचा मेल असो, पगाराचा असो, बनावट बिले तयार करण्याच्या सूचनेचा असो, वकिलाचा पत्ता सगळ्यांवर होता. झडती झाल्यावर त्याच्या बाजूने अर्ज आला की हे सगळे मेल वकिलाशी झालेला पत्रव्यवहार आहे, त्यांना हात लावू नका. असा दावा ऐकून घेत बसलो असतो, तर ठेवीदारांच्या पैशाचा माग लागण्याआधी तो पैसा तीन खात्यांतून पुढे गेला असता. जमाखर्च, आपली तक्रार प्रामाणिक आहे, पण जी भिंत आपण मागता ती अप्रामाणिक माणूस अधिक चांगली वापरतो.

ठेवपावती (११ जानेवारी)

खाकी३४ काकांचे लिहिणे वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते आहे. माझे वडील शिक्षक होते. निवृत्तीच्या रकमेतला मोठा भाग त्यांनी एका वित्तसंस्थेत ठेवला आणि संस्था बुडाली. ठेवीदार संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा लागला, मालमत्तेवर टाच आली, तारखा पडत राहिल्या. रक्कम हातात येण्याआधी वडील गेले.

ठेवींच्या ज्या करारांवर आम्ही विश्वास ठेवला, ते एका वकिलाने तयार केलेले होते. संस्था डबघाईला आल्यानंतरही नव्या योजनेचे कागद त्याच कार्यालयातून आले. त्या वकिलाला परिस्थिती ठाऊक होती का, हा प्रश्न आम्ही ठेवीदार अजून विचारतो आहोत. मालक आणि वकील यांच्यातले मेल गुपित म्हणून बंद ठेवायचे असतील, तर आम्हाला उत्तर कधीच मिळणार नाही. गुपिताचा हक्क आरोपीला आहे हे मी मानते. पण ते गुपितच गुन्ह्याचे हत्यार असेल, तर?

कोर्टाचीपायरी (११ जानेवारी)

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर कलम १३२ मध्येच आहे. बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी वकिलाशी केलेला संवाद संरक्षित नाही. वकिलाचे काम सुरू झाल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक घडल्याचे दाखवणारी जी गोष्ट वकिलाच्या नजरेस पडली, तिलाही संरक्षण नाही. कायद्यात दिलेली उदाहरणे फार बोलकी आहेत. ‘मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा’ असे अशील म्हणाला तर ते गुपित राहते, कारण गुन्हेगाराचा बचाव करणे हा गुन्हा नाही. ‘या बनावट दस्ताच्या आधारे मला ताबा मिळवायचा आहे, तुम्ही दावा लावा’ असे म्हणाला तर ते गुपित नाही. पहिला माणूस झालेल्या गोष्टीविषयी बोलतो आहे आणि दुसरा करायच्या गोष्टीविषयी. संस्था बुडाल्याचे ठाऊक असताना नव्या ठेवी गोळा करण्यासाठी वकिलाकडून करार करून घेतला असेल, तर ते मेल दुसऱ्या उदाहरणात बसतात, आणि ते उघडले गेले पाहिजेत असे मी वकील म्हणून म्हणतो.

खाकीसाहेबांच्या मेलच्या प्रतींविषयीही असेच आहे. वकिलाचा पत्ता घातल्याने मेल गोपनीय होत नाही. सल्ल्यासाठी, वकील म्हणून त्याच्या कामासाठी लिहिलेले असेल तेच गोपनीय. मुद्दा फक्त एकच उरतो, हे ठरवायचे कोणी? आरोपीने नव्हे, हे मला मान्य आहे. पण ज्याला तो मजकूर हवा आहे त्या तपास अधिकाऱ्यानेही नव्हे.

टपालपेटी (१२ जानेवारी)

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. धागा वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. एका संशयिताची पत्रे थांबवून ठेवायची होती, तेव्हा पोलीस आले आणि आमच्या पोस्टमास्तरांनी विचारले की आदेश कोणाचा. टपाल खात्याच्या ताब्यातले पत्र हवे असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालय यांचा आदेश लागतो. पोलिसांना फार तर तो आदेश येईपर्यंत पत्र अडवून ठेवण्यास सांगता येते. पंचवीस पैशांच्या आंतरदेशीय पत्रालासुद्धा हा मान होता. मेलला तो नाही का?

कोर्टाचीपायरी (१२ जानेवारी)

नाही, काका. ती तरतूद नव्या संहितेत कलम ९५ म्हणून कायम आहे, पण ती टपाल प्राधिकरणाच्या ताब्यातल्या वस्तूंपुरतीच आहे. मेल त्यात बसत नाही. आपण फार नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

बिटबाइट (१२ जानेवारी)

मी डिजिटल पुराव्याच्या तपासणीचे खासगी काम करतो. ‘सगळे वाचावेच लागते’ आणि ‘गाळत बसलो तर तपास थांबतो’ ही दोन्ही विधाने तांत्रिकदृष्ट्या अर्धीच खरी आहेत, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

मेलबॉक्सची प्रत घेताना तिचा हॅश काढतात. हॅश म्हणजे त्या माहितीचा ठसा. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हा हॅश नोंदवायचा असतो. एकदा ठसा पंचनाम्यात नोंदला की मूळ प्रत मोहोरबंद करून ठेवता येते आणि तिच्यापासून केलेल्या कार्यप्रतीवर काम करता येते. पुरावा नष्ट होण्याची भीती त्या क्षणीच संपते, म्हणून ‘घाईने सगळे वाचले नाही तर पुरावा जाईल’ हा युक्तिवाद प्रत घेतल्यानंतर टिकत नाही.

गाळणी लावण्यासाठी मजकूर वाचावा लागत नाही. वकिलांची नावे, त्यांच्या कार्यालयाचे पत्ते आणि सहकाऱ्यांचे पत्ते यांची यादी दिली की संगणक त्या नावांचे मेल वेगळे काढतो. या कामाला आठवडे लागत नाहीत. वेगळा काढलेला गठ्ठा बंद ठेवून उरलेले मेल तपास अधिकाऱ्याला लगेच देता येतात. काकांना हवा असलेला पैशाचा माग बहुधा त्या उरलेल्या मेलमध्येच असतो.

अडचणी कुठे येतात, तेही सांगतो. कनिष्ठ वकील स्वतःच्या खासगी खात्यावरून लिहितात आणि ते नाव यादीत नसते. वकिलाचा सल्ला संचालक लेखापालाला पुढे पाठवतो, तेव्हा पाठवणारा आणि घेणारा दोघेही वकील नसतात, पण आत सल्ला तसाच्या तसा असतो. स्कॅन केलेल्या कागदातली अक्षरे शोधात सापडत नाहीत. विषयाची ओळसुद्धा बोलून जाते: ‘जामीन मिळाला नाही तर काय’ एवढा विषय वाचला की आतले अर्धे कळते. म्हणून नावांची गाळणी ही पहिली पायरी आहे. तिच्यानंतर तपासाशी संबंध नसलेल्या माणसाची नजर लागतेच.

टेम्सकाठी (१३ जानेवारी)

मी मूळची सांगलीची, गेली अठरा वर्षे लंडनमध्ये सॉलिसिटर आहे. ‘तपासाशी संबंध नसलेल्या माणसाची नजर’ इथे कशी लावतात, ते सांगते.

इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यानेच, वकिली संरक्षण असलेला मजकूर आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल तर तो जप्त करण्यास पोलिसांना मनाई केली. पण संगणक आल्यावर तीच अडचण उभी राहिली, कारण डिस्कमधला एक मेल सोडून बाकीची डिस्क जागेवर उचलता येत नाही. म्हणून २००१ च्या फौजदारी न्याय व पोलीस कायद्याने ‘आधी सगळे उचला, मग चाळा’ अशी परवानगी दिली. तिला अटी जोडल्या. संरक्षित मजकूर सापडला तर तो परत करायचा, आणि ज्याची वस्तू नेली आहे त्याला न्यायाधीशांकडे दाद मागता येते. मोठ्या आर्थिक गुन्ह्यांच्या तपासात वादग्रस्त मेल स्वतंत्र बॅरिस्टरकडे जातात. तो बॅरिस्टर खटल्यात कोणाच्याही बाजूने नसतो. तो मेल वाचतो आणि कोणते संरक्षित, कोणते नाही ते सांगतो. २०१६ मध्ये गंभीर फसवणूक कार्यालयाविरुद्ध (मोठ्या फसवणुकींचा तपास करणारी इथली सरकारी संस्था) न्यायालयात असा वाद गेला होता की, प्राथमिक गाळणी त्या कार्यालयातल्याच वेगळ्या माणसांनी करणे योग्य आहे का. न्यायालयाने ती पद्धत चालू दिली, कारण ती माणसे तपास पथकापासून अलग ठेवलेली होती.

खाकी३४ काकांना हेही सांगते की गुन्ह्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला संरक्षण नाही, हे इथे १८८४ पासून पक्के आहे. त्या खटल्यात एका धनकोचा हुकूमनामा निष्फळ करण्यासाठी मागची तारीख टाकून कागद केला गेला होता, आणि आधी वकिलाला विचारले होते. वकिलाला साक्ष द्यावी लागली. भिंत आहे, पण भिंतीला दार आहे आणि दाराची किल्ली न्यायाधीशांकडे आहे.

विधीविभाग (१३ जानेवारी)

मी एका कंपनीत पगारी विधी अधिकारी आहे. या धाग्यावर सगळे बाहेरच्या वकिलांविषयी लिहीत आहेत, म्हणून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट जोडतो, जी आमच्यापैकी अनेकांनी अजून मनावर घेतलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी या विषयावर स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात निकाल दिला. पीठावर सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया होते. सुरुवात गुजरातमधील एका वकिलाला पोलिसांनी पाठवलेल्या नोटिशीपासून झाली होती. त्याच सुमारास, जून २०२५ मध्ये, सक्तवसुली संचालनालयाने अरविंद दातार व प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवून नंतर मागे घेतले, त्यामुळे देशभरच्या वकील संघटना उभ्या राहिल्या. निकालाने म्हटले की कलम १३२ च्या अपवादात बसत असल्याशिवाय अशिलाविषयी माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स पाठवता येणार नाही, आणि तेही पोलीस अधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या वरिष्ठाच्या लेखी संमतीनेच.

पगारी विधी अधिकाऱ्याला मात्र कलम १३२ चे संरक्षण मिळणार नाही, असेही त्याच निकालात आहे, कारण पूर्ण वेळ पगारावर असलेला माणूस न्यायालयात वकिली करणारा वकील राहत नाही. कंपनीच्या वकिलाशी आमचा जो पत्रव्यवहार होतो, त्याला कलम १३४ खाली आधार मिळतो. पण संचालकाने मला लिहिलेला मेल आणि मी त्याला दिलेले उत्तर यांना तो आधार नाही. आमच्या संचालकांची सवय अशी की आधी मला विचारायचे आणि नंतर वकिलाला. निकालानंतर मी त्यांना लेखी कळवले की जे जपून ठेवायचे आहे ते थेट वकिलाला लिहा, मला लिहू नका. स्वतःच्या कामाविषयी असे पत्र लिहिताना मला वाईट वाटले, पण ते कळवणे माझे कर्तव्य होते.

कोर्टाचीपायरी (१३ जानेवारी)

विधीविभाग यांनी निकाल आणला ते बरे झाले. जमाखर्च यांच्या प्रश्नाला त्याचा सर्वांत उपयोगी भाग पुढे आहे. तपास अधिकाऱ्याला वकिलाचे डिजिटल उपकरण हवे असेल, तर ते पोलीस ठाण्यात नव्हे, न्यायालयात हजर करायचे. न्यायालयाने ज्या अशिलाची माहिती हवी आहे त्याला नोटीस द्यायची आणि वकील व अशील दोघांच्या हरकती ऐकायच्या. हरकती फेटाळल्या तर उपकरण त्या दोघांसमोर उघडायचे. त्या वेळी त्यांना आपल्या पसंतीचा तंत्रज्ञ सोबत ठेवता येईल. इतर अशिलांच्या गुपितांना धक्का लागू द्यायचा नाही आणि शोध जेवढ्याला परवानगी आहे तेवढ्यापुरता ठेवायचा.

ही पद्धत मला मनापासून पटते. पण ती वकिलाच्या उपकरणासाठी आहे. तोच मेल अशिलाच्या संगणकावर सापडला, तर निकालाचे हे शब्द थेट लागू होत नाहीत. एकाच पत्राच्या दोन प्रती असतात. वकिलाकडची प्रत न्यायाधीशासमोर उघडली जाते आणि अशिलाकडची पोलीस ठाण्यात. माझ्या मते ज्या तत्त्वावर पहिली प्रत जपली, त्याच तत्त्वावर दुसरीही जपली पाहिजे, कारण अधिकार वकिलाचा नसून अशिलाचा आहे. हा युक्तिवाद न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करण्यासारखा आहे, तेथे यश आले नाही तर उच्च न्यायालयात.

साक्षीपुरावा (१४ जानेवारी)

मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे, चूक असल्यास सुधारावे. मेल वाचून झाले असतील तर पुढे काय? आपल्याकडे बेकायदेशीरपणे मिळवलेला पुरावासुद्धा संबद्ध असेल तर ग्राह्य धरतात असे शिकवले आहे. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धच्या) १९७२ च्या मलकानी खटल्यात टेलिफोनवरील ध्वनिमुद्रण चालले. पूरणमल खटल्यात १९७३ मध्ये न्यायालयाने झडतीतील दोषामुळे कागद बाद होत नाहीत असे म्हटले. मग अर्ज करून उपयोग काय?

कोर्टाचीपायरी (१४ जानेवारी)

चूक नाही, शिकवले ते बरोबर आहे. म्हणूनच नंतर हरकत घेण्यापेक्षा आधी अर्ज करणे महत्त्वाचे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते दोन्ही खटले पुरावा कसा मिळवला याविषयी होते. वकिलाचा सल्ला हा मिळवण्याच्या पद्धतीपलीकडचा प्रश्न आहे, त्याला कायद्याने स्वतंत्र संरक्षण दिले आहे. आणि दुसरे, मेल पुरावा म्हणून आला नाही तरी नुकसान होते. बचावाचा मुद्दा आधीच कळला की साक्षीदाराला त्याविषयीचा प्रश्न आधीच विचारला जातो. हे नुकसान कोणत्याही निकालाने भरून निघत नाही. शिवाय दोषारोपपत्रासोबतच्या कागदांच्या प्रती आरोपीला देतात, आणि नव्या संहितेच्या कलम २३० नुसार वकील नेमलेल्या पीडितालाही. जमाखर्च यांच्या वकिलांचे चार पानी उत्तर त्यात चुकून गेले, तर ते फिर्यादीच्या वकिलाच्या टेबलावर असेल.

खाकी३४ (१४ जानेवारी)

शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो गंभीर आहे हे मान्य करतो. बिटबाइट यांनी सांगितलेली गाळणीही व्यवहार्य वाटते. माझी एकच चिंता उरते. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्रासाठी गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस मिळतात, ते उलटले की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. वादग्रस्त मेलचा अर्ज महिनाभर पडून राहिला तर ते दिवस पोलिसांच्या खात्यावर पडतात. तेव्हा अशा अर्जांना ठरावीक मुदत हवी. आणि गाळणी करणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाला पाहिजे. मुंबईत जे शक्य आहे ते हिंगोलीत शक्य आहे का, हे तपासणाऱ्याला पाहावे लागते.

ठेवपावती (१५ जानेवारी)

मुदतीची मागणी माझीही आहे. न्यायाधीशांनी वाचून ठरवावे, हे मला पटले. फक्त त्या ठरवण्यात आमच्यासारख्यांची आणखी पाच वर्षे जाऊ नयेत.

जमाखर्च (८ फेब्रुवारी)

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते सांगतो, कारण प्रश्न विचारून गप्प बसणे योग्य नाही.

येथील चर्चा मी आमच्या वकिलांना दाखवली. त्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला की मूळ प्रत मोहोरबंद राहावी, वकिलांच्या नावांची यादी लावून मेल वेगळे काढावेत, आणि ते आमच्या व तपास अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत न्यायालयासमोर उघडावेत. सरकारी पक्षाने लेखी म्हणणे देण्यासाठी वेळ मागितला. तोपर्यंत कार्यप्रतीवर काम करू नये, असे न्यायालयाने सांगितले आहे. पुढील तारीख २४ फेब्रुवारी आहे.

अर्जासोबत यादी जोडायची म्हणून मी आमच्याकडच्या मेलबॉक्समध्ये स्वतः बसून मेल शोधले. वकिलांचे नाव असलेले ६११ मेल निघाले. प्रत्येक उघडून पाहिला, तेव्हा खाकी३४ काकांचे म्हणणे आठवले. त्यांतल्या २३८ मेलमध्ये वकिलांना नुसती प्रत गेली होती. मजकूर मालाच्या दरांचा, वाहतुकीचा, एका यंत्राच्या दुरुस्तीचा होता. सल्ला विचारलेला नव्हता आणि दिलेलाही नव्हता. संचालकांचे म्हणणे होते की सगळेच यादीत घाला, नंतर पाहता येईल. मी वकिलांशी बोललो आणि ते २३८ वगळले. संचालकांना ते आवडले नाही. पण उरलेल्या ३७३ मेलविषयी न्यायालयाने आमच्यावर विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर हे करणे भाग होते. माझ्या स्वतःच्या खात्यातून पुढे पाठवलेले अकरा मेलही निघाले, बिटबाइट यांनी सांगितले होते तसेच. गाळणीच्या नावांत माझे नाव नसल्यामुळे ते तपासात सरळ गेले असते.

खाकी३४ (८ फेब्रुवारी)

आपण २३८ वगळले, हे मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगेन. एक काम तारखेच्या आधी करा. पंचनाम्याची नक्कल काढून तीत डिस्कच्या मोहोरेचे वर्णन आणि हॅश दोन्ही नोंदले आहेत का, ते पाहा. हॅश नोंदला असेल आणि मोहोर नसेल, तर प्रत बदललेली नाही हे सिद्ध होते, पण कोणी उघडून पाहिली की नाही हे सिद्ध होत नाही. आपल्याला दुसरे हवे आहे.

जमाखर्च (९ फेब्रुवारी)

काका, आज नक्कल पाहिली. हॅश आहे. मोहोरेचा उल्लेख नाही. वकिलांना दुपारीच कळवले असून झडतीच्या चित्रीकरणाची प्रत मागणारा अर्ज उद्या देत आहोत, म्हणजे डिस्क पिशवीत कशी ठेवली हे त्यात दिसेल.